आमचे गुडघे आणि गोव्याची इगर्ज

सहा दिवस मनुष्याचे आणि सातवा देवाचा, ही वाटणी मोशेच्या काळी कायम झालेली असली तरी सहलीला गेलेल्या मनुष्याच्या बाबतीत हा सातवा दिवस कोणाच्या खाती जमा धरावा याविषयी पवित्र शास्त्रात स्वतंत्र कलम नाही, आणि या संदिग्धतेचा लाभ घेऊन पुष्कळ सज्जन ख्रिस्ती माणसे महाबळेश्वरास किंवा माथेरानास रविवारी दहा वाजेपर्यंत बिनदिक्कत झोपून राहतात. आमच्या तीर्थरूपांना ही सवलत मंजूर नव्हती. मुक्काम कोठेही असो, त्या गावचे उपासनामंदिर हुडकून काढून तेथे रुजू झाल्याखेरीज रविवारी त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. एकदा तर भाच्याच्या लग्नासाठी परगावी गेले असता, सगळे वऱ्हाड गाडीत बसून तिष्ठत असताना, ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये शेवटचे गीत होईतो शांतपणे बसून राहिले होते. त्यांच्या पश्चात राहते घर, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि हा शिरस्ता अशी मिळकत माझ्या वाट्याला आली. जमीन रस्तारुंदीकरणात गेली, घराचा दावा चुलतभावांशी चालू आहे. शिरस्ता तेवढा निर्वेधपणे माझ्या कब्जेवहिवाटीत असून त्यावर हक्क सांगायला अद्याप एकही वारस पुढे आलेला नाही.

यंदा मे महिन्यात चिरंजिवांनी गोव्याची टूम काढली. आमचे नगर (सरकारदफ्तरी आता अहिल्यानगर) हे पर्जन्यछायेतले गाव. ज्या जिल्ह्यातील कित्येक गावांना उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, तेथील माणूस प्रथमच समुद्रापुढे उभा राहिला की त्याला कवी लोक सांगतात तसा अनंताचा वगैरे साक्षात्कार होत नाही. एवढे पाणी बेवारस पडलेले पाहून त्याला हळहळ वाटते. शिवाय नगरच्या उन्हात माणूस भाकरीच्या रीतीने भाजून निघतो, तो गोव्यात झाकण ठेवून शिजवला जातो, हा फरक पहिल्याच दुपारी ध्यानात आला. पण तक्रार हवेची नव्हे. शनिवारी सायंकाळी सर्व मंडळी वाळूत पाय पसरून बसली असताना मी नेहमीप्रमाणे विचारले, "उद्याच्या भक्तीचं काय?" आणि चिरंजीव, सूनबाई व नातू या तिघांनीही एकाच वेळी समुद्राकडे पाहिले.

हॉटेलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणाकडे मी चौकशी केली. त्याने मोठ्या तत्परतेने जुन्या गोव्याच्या सहलीचे रंगीत पत्रक पुढे सरकवले.

"हे सगळं दाखवतात, काका. एसी बस."

"पाहायला नको. बसायला पाहिजे."

"बसायला?" तो बुचकळ्यात पडला. "किती वेळ?"

गोव्यात चर्चची वाण नाही. पावलापावलावर पांढरीशुभ्र इगर्ज आणि वळणावळणावर खुरीस. अडचण वेगळ्याच जातीची होती. आम्ही नगरचे, म्हणजे १८३१ साली नगरात पाय रोवलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट. आमच्या देवळात मूर्ती नाही, धूप नाही, मेणबत्ती पेटते ती वीज गेली म्हणून. भर आहे तो उपदेश, पेटी, तबला आणि 'उपासना संगीता'तल्या गीतांवर. रोमन कॅथलिक पंथाशी आमचे संबंध फार सलोख्याचे असले, तरी ते संबंध मुख्यतः लग्नाच्या पंगतीतले आणि सप्टेंबरातल्या हरेगावच्या यात्रेतले. श्रीरामपूर तालुक्यातील या हरेगावी मतमाउलीच्या दर्शनाला प्रचंड समुदाय लोटतो. आम्ही प्रॉटेस्टंट लोक तेथे दर्शनाला जात नाही. आम्ही गर्दी पाहायला जातो, आणि ती गर्दी नीट दिसावी म्हणून दरवर्षी जातो.

"देव तोच ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

"देव तोच. पण पद्धत निराळी पडते."

"मग पद्धतीला जाऊ नका, देवाला जा," असा निकाल देऊन त्यांनी शेजारच्या चटईवर बसलेल्या अकोल्याकडच्या एका मोठ्या कुटुंबाशी गप्पा सुरू केल्या. त्या गप्पांतून असे निष्पन्न झाले की या कुटुंबाने चर्च आतून कधी पाहिलेले नाही, त्यांना ते पाहायचे आहे, आणि आमचे हे तर त्या शास्त्रातले मुरलेले जाणकार आहेत. कुटुंबप्रमुखाने लगोलग माझ्याजवळ येऊन हात जोडले. "काका, आमाले काई समजत नाई. तुमी जसं करान, तसं आमी करू." या वाक्याने मला त्या वेळी जो संतोष झाला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंतच टिकला.

पोशाखाचा प्रश्न रात्रीच उभा राहिला. "बाबा, गोव्यात इस्त्रीचे कपडे कोण घालतं?" असे म्हणून सूनबाईंनी माझ्या बॅगेतील पांढरे सदरे निघण्यापूर्वीच परस्पर कपाटात परत पाठवले होते, आणि त्यांच्या जागी नारळाची झाडे, पोपट व मावळता सूर्य यांनी व्यापलेले दोन शर्ट आणि गुडघ्याखाली चार बोटांवर संपणाऱ्या विजारी भरल्या होत्या. त्यातल्या त्यात ज्यावर पोपट कमी होते तो शर्ट मी चढवला. गोवेकर मनुष्य मोकळाढाकळा, त्याला याचे काही वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात देवळात पाऊल टाकले तो काय, मे महिन्याच्या त्या उकाड्यात वृद्ध गृहस्थ काळे कोट घालून बसलेले, तरुण पूर्ण बाह्यांच्या कडक सदऱ्यांत, बायका उंची साड्यांत आणि इस्त्रीच्या फ्रॉकांत. हिंदी सिनेमात गोवेकराचा म्हणून जो पोशाख दाखवतात, तो अंगावर असलेला त्या संपूर्ण इगर्जीत मी एकटाच होतो.

वेळेचाही घोटाळा झालाच. दारावरच्या फलकावर 'सात' असे लिहिलेले होते. आमच्या मंडळीत नऊची भक्ती म्हणजे नऊला पहिली घंटा, सव्वानऊला शिपाई बाके पुसतो, साडेनऊला पेटीवाला येतो व तबलजी चहाला जातो, आणि पावणेदहाच्या सुमारास पाळकसाहेब घड्याळाकडे पाहून "आपण वेळेवर सुरुवात करू या" असे म्हणतात. या हिशेबाने सातची उपासना आठच्या आत सुरू होणे अशक्य, असे गृहीत धरून मी सात वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे जरा लवकरच, सहकुटुंब व सअकोलकर दाखल झालो. आणि पाहतो तर गायन होऊन पहिले वाचनही आटोपत आलेले. मागची बाके गच्च भरलेली होती. पंथ कोणताही असो, सर्व भाविकांचे एका गोष्टीवर एकमत असते आणि ते हे की देवाच्या जवळ जावे, पण मागच्या बाकावरून. रिकामे होते ते सगळ्यांत पुढचे, वेदीच्या अगदी तोंडावरचे बाक. एका कोटवाल्या वृद्ध गृहस्थांनी अदबीने हात करून आम्हाला तेथवर पोहोचवले. पुढच्या बाकावर मी, सौ. आणि नातू, पाठीमागे दोन बाके अडवून अकोला.

परक्या देवळात शहाण्या माणसाने काय करावे? तर पुढचा माणूस जे करील ते करावे. या एका युक्तीवर मी आजवर लग्ने, मर्तिके, सरकारी सत्कार व एक वास्तुशांत निभावून नेली आहे. परंतु येथे माझ्या पुढे माणूसच नव्हता. पुढे वेदी, तिच्या पाठीशी छताला भिडलेला सोनेरी नक्षीचा भव्य पडदा, त्यात आपापल्या कोनाड्यांतून खाली पाहणारे संत, आणि पाद्रीबाब. मागे वळून पाहावे तर पाठीमागच्या नऊ अकोलकरांचे अठरा डोळे माझ्यावर खिळलेले. त्यांच्या पलीकडचे जाणते लोक दिसावेत म्हणून मी मान लांब केली की तेही माना लांब करीत.

मीस, म्हणजे कॅथलिकांची उपासना, ही आमच्यासारख्या बैठ्या पंथातल्या माणसाला शारीरिकदृष्ट्या जड जाते. आम्ही प्रार्थनेच्या वेळी बसल्या जागी मान खाली घालतो. काही जण ती नंतर वर काढत नाहीत, पण तो प्रश्न वेगळा. येथे उभे राहणे, बसणे, गुडघे टेकणे, पुन्हा उभे राहणे असा नियमबद्ध क्रम असतो आणि तो अंगवळणी पडलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांविषयी नगरच्या डॉक्टरांचे मत प्रतिकूल आहे. त्यामुळे मंडळी उठली की मी उठण्याची तजवीज सुरू करी आणि ती तडीस जाई तोवर मंडळी बसलेली असत. मी बसावे तो ती गुडघ्यांवर. बाकाखाली एक लांबट फळी होती. पायांची ही सोय पाहून मी मिशनऱ्यांपेक्षा पोर्तुगिजांना माणसाच्या सुखाची कदर अधिक होती असे मनात म्हटले आणि वाळूने माखलेल्या चपलांसह दोन्ही पाय तिच्यावर ठेवून दिले. ती फळी गुडघ्यांसाठी आहे हे शेजारच्या बाकावरील एका म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, फळी पुसली, रुमाल घडी करून परत ठेवला, आणि जपमाळेचा पुढचा मणी ओढला. पाठीमागे अकोलकरांनीही खिशातून रुमाल काढून आपापल्या फळ्या पुसल्या.

उपदेश कोकणीतून झाला. मला त्यातले अर्धेअधिक समजले आणि उरलेले मी आमच्या पाळकसाहेबांच्या सवयीवरून भरून काढीत होतो, इतक्यात तो संपला. मी घड्याळ कानाला लावून पाहिले. आमच्याकडे एवढ्या वेळात पाळकसाहेब नुकते वचन वाचून "याचे तीन भाग पडतात" या वाक्यापर्यंत आलेले असतात.

नंतर दानाची पिशवी निघाली. येथे वाचकांना सांगितले पाहिजे की हिशेबखात्यातून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या मंडळीचा खजिनदार आहे, आणि पिशवीत हात कसा जातो त्यावरून आत काय पडले ते ओळखण्यात माझा लौकिक आहे. उघड्या हाताने, दोन बोटांत धरून नोट टाकणारा शंभराच्या पुढचा. नोटेची घडी घालणारा पन्नासाचा. आणि बंद मूठ थेट पिशवीच्या तळाशी नेऊन सोडणारा दहाचा, हे मी पंचांच्या सभेत सप्रयोग सिद्ध केलेले आहे. सुगीच्या सणाला देवळात आलेल्या भोपळ्याचा व कोंबड्यांचा लिलाव मीच पुकारतो, आणि बोली लावताना कोण खांबाआड सरकतो तेही मला ठाऊक असते. आता ती पिशवी पुढच्या बाकापाशी, म्हणजे प्रथम माझ्यापाशी आली. मी खिशात हात घातला. खिशात पाचशेची एक नोट, पन्नासाची एक नोट आणि नातवाने आदल्या संध्याकाळी "आजोबा, सांभाळा" म्हणून दिलेला ऐवज. पाचशेची नोट मागे सारून पन्नासाची बाहेर काढण्याच्या धांदलीत मूठ आपोआप बंद झाली, तशीच तळाशी गेली, आणि आतून खण्‌ असा आवाज आला. पिशवीवाल्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली. ती माझीच नजर होती. बाक ओलांडून तो पुढे गेल्यावर नातू कुजबुजला, "आजोबा, माझा शिंपला?"

शांतीच्या अभिवादनाच्या वेळी सर्वांनी एकमेकांकडे वळून हात मिळवले, नमस्कार केले, तेव्हा उपासना समाप्त झाली अशा समजुतीने मी म्हाताऱ्या बाईंना "बरंय, येतो मग, काही चुकलंमाकलं असेल तर" वगैरे म्हणून पिशवी उचलली होती; पण सौ.नी पोपटाला धरून मला खाली बसवले. खरा प्रसंग पुढेच होता.

प्रभुभोजनाच्या प्रश्नावरून युरोपात केवढी रणे माजली हे मी नगरच्या तरुणसंघापुढे अनेकदा विशद केलेले आहे. कॅथलिक मंडळीत हे भोजन, ज्याला ते कुमगार म्हणतात, आपल्या पंथाच्या लोकांनाच देतात. आणि हा त्यांचा नियम मला पूर्णपणे मान्य आहे. माझा बेत असा की आपण बसून राहावे. परंतु रांग सुरू होते ती पुढच्या बाकापासून. कोटवाले गृहस्थ माझ्याशेजारी येऊन अदबीने हात करून उभे राहिले, आणि त्यांच्या मागे सबंध इगर्ज माझ्या उठण्याची वाट पाहत थांबली. १५१७ साली मार्टिन लूथरने उपस्थित केलेला आणि पाचशे वर्षांत पोप व पंडितांना न मिटवता आलेला कज्जा अशा रीतीने माझ्या दोन गुडघ्यांवर येऊन ठेपला. बसून राहावे तर रांग अडते. जावे तर पंथ बुडतो. अखेर मी उठलो, चार पावले सरळ चाललो, आणि पाद्रीबाब अगदी समोर येताच त्यांना नमस्कार करून एकदम डावीकडे वळलो.

डावीकडे सायबिणीची मूर्ती होती. निळा शेला, हातात बाळ, पायाशी मोगऱ्याच्या माळा आणि मेणबत्त्यांचे तबक. येथून पुढे वाट नव्हती. तेथे नुसते उभे राहावे तर माणूस चुकला असे दिसले असते, तेव्हा आपण मुळातच इकडे निघालो होतो असे भासावे म्हणून मी एक मेणबत्ती घेतली, दुसरीवर पेटवली आणि लावून दिली. मागे वळतो तो माझ्या पाठोपाठ शिस्तीत डावीकडे वळलेले नऊ अकोलकर, प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती. कुटुंबप्रमुखाने आपली लावून झाल्यावर हळूच विचारले, "काका, नवस बोलाचा काय आता?" याच क्षणी नातवाने मोबाइल उचलला. त्या छायाचित्रात मी मध्यभागी असून माझ्यामागे दीपधारी मंडळींची रांग आहे, आणि ज्याला वस्तुस्थिती माहीत नाही त्याला मी ती मिरवणूक नगराहून घेऊन आलो असेच वाटेल.

जागेवर परतलो तेव्हा लोक गुडघे टेकून मूक प्रार्थना करीत होते. मीही टेकले. पहिल्यांदाच सर्वांच्या बरोबरीने एक क्रिया वेळेवर साधली, या आनंदात असताना लोक उठून बसले आणि माझे गुडघे बसले ते बसलेच. डावा हलेना, उजवा ऐकेना. मी उठत नाही म्हणून अकोला उठेना. पाद्रीबाबांनी सूचना वाचायला घेतल्या. पहिली सूचना मंगळवारी वीज बंद राहणार असल्याची होती. दुसरी, गावच्या मदतीसाठी त्या संध्याकाळी होणार असलेल्या हाउजीच्या तिकिटांची होती. पुढची तीन बाके गुडघ्यांवर, हात जोडून, डोळे मिटून हाउजीची तिकिटे ऐकत आहेत हा देखावा त्या वेदीपुढे पूर्वी घडलेला नसावा, कारण पाद्रीबाब मध्येच थांबले, चष्मा काढला आणि अत्यंत सौम्य आवाजात मला म्हणाले, "बसात." मी हलत नाही असे पाहून त्यांनी मराठीत विचारले, "आपण कुठले?"

आता, आमच्याकडे रिवाज असा की परगावचा पाहुणा आला की त्याला उभे करून दोन शब्द बोलायला लावतात आणि तो आपल्या मंडळीचा सलाम सांगतो. हा सलाम मी आदल्या रात्रीच तयार करून ठेवला होता, आणि सबंध उपासनेत कोणी विचारले नाही म्हणून मनातून थोडा खट्टूही झालो होतो. संधी आली ती अशा आसनात. तरी मी ती दवडली नाही. "अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीचा आपणा सर्वांना सप्रेम सलाम," असे मी गुडघ्यांवरूनच खणखणीत आवाजात जाहीर केले, आणि माझ्यामागून तितक्याच खणखणीतपणे आवाज आला, "अन्‌ आमचा अकोल्याचाबी!"

नंतर कोटवाल्या गृहस्थांनी व म्हाताऱ्या बाईंच्या मुलाने मला दोन बगलांत धरून उभे केले. बाहेर माडांच्या सावलीत त्यांनी मला चहा पाजला आणि खिशातून शिंपला काढून नातवाच्या हातावर ठेवला. पन्नासाच्या नोटेचा त्यांनी उल्लेख केला नाही, मीही नाही. माणूस मोठा सज्जन. आपल्याविषयी त्यांचे जे काही मत झाले असेल ते दुरुस्त करावे म्हणून मी त्यांना नगरच्या ख्रिस्ती परंपरेचा इतिहास सांगायला घेतला. 'ज्ञानोदय' १८४२ साली आमच्या नगरात निघाले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी वर्षे आमच्या जिल्ह्यात गेली, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तली पुष्कळशी पाने आमच्या नगर-राहुरीची, हे सांगून मी म्हणालो, "टिळक आमच्या घरी येत. ते ज्या खुर्चीवर बसत ती खुर्ची आमच्याकडे आजही आहे."

नगरातल्या प्रत्येक जुन्या ख्रिस्ती घराण्यात अशी एक खुर्ची आहे, हे मी सांगितले नाही. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांच्या नावावर मोडणाऱ्या सगळ्या खुर्च्यांवर ते खरोखर बसले असते तर त्यांना कविता लिहायला उभे राहून सवड काढावी लागली असती. "ती खुर्ची तुमच्या काकांनी लिलावात घेतली," सौ. म्हणाल्या, "टिळक गेल्यावर कितीतरी वर्षांनी."

गृहस्थांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बरें. तुमचे टिळक बसून गेले. आमचो सायब आजून हांगाच आसा."

यावर काय बोलणार? संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, त्यांचा देह १५५४ साली गोव्यात आणला, आणि जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या देवळात चांदीच्या पेटीत तो आजही आहे. दर दहा वर्षांनी त्याचे दर्शन होते. ज्यांचा पाहुणा पावणेपाचशे वर्षे परत गेलेला नाही, त्यांच्यापुढे खुर्ची घेऊन उभे राहण्यात अर्थ नव्हता.

पण खजिनदार सहजासहजी हरत नाही. मी 'क्रिस्तपुराण' काढले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, त्याने दहा हजारांवर ओव्यांचे पुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले, आणि ते आमच्या मराठीत आहे, आमच्या मराठीत, हे मी दोनदा सांगितले. पहिल्या छापील आवृत्त्यांची प्रत आज मिळत नाही, १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले, आणि पुढे लंडनच्या ग्रंथसंग्रहात त्याची देवनागरी हस्तलिखिते सापडली, ती ओळखणारे जस्टिन ॲबट हे आमच्याच अमेरिकन मराठी मिशनचे. १९५६ साली पुण्यात बांदेलूंनी देवनागरी आवृत्ती काढली. एवढे झाल्यावर मी राशोल हे ठिकाण नेमके कोठे, तेथे जेझुइटांचे विद्यालय कसे होते, याचे वर्णन सुरू केले. गृहस्थ शेवटपर्यंत मान डोलावत होते. माझे संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"राशोलच्या सेमिनारींत हांव शिकलां," ते म्हणाले. "पाद्री जावपाचो आशिल्लों. मागीर," त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पत्नीकडे पाहिले, "जालों ना." आणि मग स्वच्छ मराठीत, "तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. फक्त राशोल नदीच्या त्या बाजूला नाही, ह्या बाजूला."

"देव बरें करूं," असे म्हणून मी उठलो. म्हणजे उठवलो गेलो.

हे सर्व गोव्यातच राहिले असते, पण नातवाने ते छायाचित्र कौतुकाने आत्याला पाठवले, आत्याने आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, आणि आमची गाडी अजून घाट चढत होती तोच नगरहून पृच्छा येऊ लागल्या. पहिल्याने नुसते प्रश्नचिन्ह पाठवले. दुसऱ्याने 'खजिनदारसाहेब, मेणबत्ती?' एवढेच. एका पंचांनी मूर्तिपूजेविरुद्धची आज्ञा अध्याय-वचनासह उद्धृत केली होती. ज्या दोघा-तिघांना मी लिलावात खांबाआडून ओढून बाहेर काढले होते, त्यांचा या विषयातला उत्साह विशेष नजरेत भरण्याजोगा होता.

यथाकाल पंचांची सभा भरली आणि माझे प्रकरण कार्यक्रमपत्रिकेत इमारतीच्या गळतीच्या वर घेण्यात आले. वचने उद्धृत करणारे पंच उभे राहिले. "सदर मेणबत्ती कोणत्या अधिकारात लावली, आणि तिचा खर्च कोणत्या खाती टाकला, याचा खुलासा व्हावा."

"खर्च स्वतःचा," मी म्हणालो. "आणि अधिकाराचं म्हणाल तर गेल्या सप्टेंबरात हरेगावला आपल्या हातात जो पुडा होता, त्याच अधिकारात."

सभेत शांतता पसरली.

"मी तिथं गर्दी पाहायला गेलो होतो," पंच म्हणाले.

"आणि पुडा?"

"अंधार पडला होता."

"दुपारी दोनला?"

"पण तुम्ही यांना तिथं पाहिलंत," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे तुम्हीही होतात."

"भजी खायला," मी म्हणालो. मग एकेक करीत असे उघडकीस आले की सेक्रेटरी मेहुण्याला सोडायला गेले होते, तबलजी तेथे कोण वाजवतो ते ऐकायला गेला होता, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई बसमध्ये झोप लागल्यामुळे श्रीरामपूरला उतरायच्या त्या सलग तीन वर्षे हरेगावला उतरल्या होत्या. पाळकसाहेबांनी प्रकरण दप्तरी दाखल करण्याचा हुकूम दिला आणि ते गळतीकडे वळणार, तोच शिपायाने, ज्याला सभेत बोलण्याचा अधिकार नाही, दारातून विचारले, "साहेब, तिकडं उपदेश किती वेळ चालतो?"

"दहा-बारा मिनिटं," मी म्हणालो.

कोणीच काही बोलले नाही. सर्व पंच पाळकसाहेबांकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते. अखेर पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले की ही माहिती विषयाला सोडून असल्यामुळे इतिवृत्तात घेऊ नये. सेक्रेटरींनी ती अगोदरच घेतली होती, ठळक अक्षरांत. आणि खाली सर्व पंचांच्या सह्या घेऊन वही बंद केली होती.